साडेचार वर्षांच्या मुलीला मैफिलीला कसं न्यावं?

प्रश्न असा आहे: आई-बाबा दोघंही गाणं मनापासून ऐकणारे. मुलगी साडेचार वर्षांची. घरी गाणं लागलं की डोलते, भांडी वाजवते. म्हणून तिला एका मोठ्या संगीत महोत्सवाला नेलं, तर वीस मिनिटांत चुळबुळ, मग भुणभुण, मग मोठ्यानं रडणं. आजूबाजूच्यांच्या नजरा झेलत तिघंही बाहेर आले. आता ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत थांबावं, की नेत राहावं? नेलं तर कुठे, किती वेळ, आणि तयारी काय करावी?

थांबायची गरज नाही. तुमची मुलगी वीस मिनिटं बसली, हे तिच्या वयाला चांगलंच आहे. चूक झाली ती त्यानंतर. चुळबुळ सुरू झाली तेव्हाच उठायला हवं होतं, रडू येईपर्यंत वाट पाहिली गेली. त्यामुळे तिच्या लक्षात राहिलं ते रडणं आणि आई-बाबांचं ओशाळणं, आधीची वीस मिनिटं नव्हे.

वेळेचा साधा अंदाज सांगतो. दोन वर्षांचं मूल दहा मिनिटं, चार-साडेचारचं वीस ते पंचवीस, सहा वर्षांचं पाऊण तास. हे आकडे मूल झोप झालेलं, पोट भरलेलं आणि कलाकाराच्या जवळ बसलेलं असेल तरचे. लांब बसवलं, समोर मोठ्यांच्या पाठी आल्या, तर निम्मेच धरा. आणि तिला पंचवीस मिनिटं जमतात असं वाटत असेल, तर विसाव्या मिनिटाला उठा. “अजून थांबू ना” असं ती म्हणत असताना बाहेर पडणं हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. महिन्यातून एकदा अशी वीस मिनिटं मिळाली, तर वर्षातून एकदा सहा तास बसवण्यापेक्षा फार जास्त पदरात पडतं.

आता ती का कंटाळली, तेही पाहू, कारण त्यावरूनच पुढची निवड ठरते. बडा ख्याल, म्हणजे रागाच्या सुरुवातीचं संथ गाणं, विलंबित (सावकाश) एकतालात असेल आणि लय मिनिटाला १५ मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, असेल, तर बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पूर्ण व्हायला ४८ सेकंद लागतात. म्हणजे एक सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आली की पुढची जवळजवळ मिनिटभरानं. जाणत्या श्रोत्याला मधली वाट माहीत असते, म्हणून तो त्या समेकडे ओढला जातो. साडेचार वर्षांच्या मुलाला इतकी लांबची गोष्ट मनात धरून ठेवता येत नाही. त्याला तिथे काही घडतच नाहीये असं वाटतं, आणि त्याच्या बाजूनं ते खरंच आहे. उलट द्रुत (जलद) तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल, तर सोळा मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत फिरतं. दोन-तीन आवर्तनांत मुलाच्या अंगात ते येतं, डोकं हलायला लागतं. म्हणून शास्त्रीय गायनाला न्यायचं तर सुरुवातीला नेऊ नका. रागाच्या शेवटी येणारा द्रुत ख्याल किंवा तराणा (‘तोम तनन’सारख्या बोलांचं गाणं), आणि त्यानंतरचं नाट्यगीत किंवा अभंग, एवढाच तुकडा तिच्यासाठी धरा.

यात व्यवहाराची एक अडचण आहे. छापील वेळ साडेपाच असली, तरी दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचे आभार यात अर्धा-पाऊण तास जातो. वेळेवर पोचलेल्या मुलाचा सगळा धीर भाषणांतच संपतो आणि पहिला सूर लागायच्या वेळी ते घरी जायला निघालेलं असतं. आयोजकांना सकाळी फोन करून “प्रत्यक्ष गाणं किती वाजता सुरू होईल आणि पहिला कलाकार किती वेळ आहे” एवढं विचारा. बहुतेक जण नीट सांगतात. मग पहिल्या कलाकाराच्या शेवटच्या अर्ध्या तासाला आत शिरा.

त्याहून सोपी निवड म्हणजे तबल्याचं एकलवादन. सुरुवातीचा भाग, पेशकार, संथ असतो, तो सोडून दिला तरी चालेल. कायदे, रेले, तुकडे, चक्रदार या पुढच्या रचना सुरू झाल्या की मुलं खिळून बसतात. वादक आधी बोल तोंडानं म्हणतो आणि मग तेच हातानं वाजवतो, ती पढंत मुलांसाठी सोन्यासारखी. बोललेला शब्द तसाच्या तसा वाद्यातून ऐकू येतो, हे त्यांना डोळ्यांसमोर घडताना दिसतं. कथकाच्या कार्यक्रमातही पढंत असते, शिवाय घुंगरू दिसतात.

पण पहिली मैफल शास्त्रीयच हवी असं मुळीच नाही. आपल्याकडे मुलांना चालतील अशा जिवंत संगीताच्या जागा इतक्या आहेत, की थेट तिकिटाच्या सभागृहात जाणं हा खरं तर सगळ्यात अवघड रस्ता आहे.

पहिली पसंती मी गायन-वादनाच्या वर्गांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला देईन. आषाढात, म्हणजे बहुधा जुलैमध्ये, गावोगावच्या क्लासेसचे असे कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात होतात. एकेक विद्यार्थी आठ-दहा मिनिटं गातो किंवा वाजवतो, मग माणूस बदलतो, वाद्य बदलतं. मंचावर सात-आठ वर्षांची मुलं बसलेली दिसतात, आणि “हे मोठ्यांचंच काम आहे” ही समजूत तिथेच गळून पडते. दार उघडं असतं, मधे उठलं तर कुणी रागवत नाही, तिकीट नसतं. गाणं कच्चं असेल, पण साडेचार वर्षांच्या मुलीला त्याचं काही नाही. आपलं वय तिला मंचावर दिसतं, हा लाभ मोठा आहे.

दुसरी जागा हरिपाठ. अखंड हरिनाम सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ होतो: समोरासमोर उभ्या ओळी, टाळ, मृदंग, वीणेकरी, पावल्या. इथे बसायचंच नसतं. मूल तालावर पाय टाकत ओळीच्या टोकाला उभं राहू शकतं. रात्रीचं कीर्तन तिच्या झोपेच्या वेळेला येतं, त्यामुळे ते एवढ्यात नको. नारदीय कीर्तनाला न्यायचं असेल तर पूर्वरंग संपून बुक्का लावून झाल्यावर, उत्तररंगाला न्या. पूर्वरंगातलं निरूपण तिच्या डोक्यावरून जाईल, उत्तररंगातलं आख्यान म्हणजे गोष्टच असते, गाण्यात गुंफलेली. मुलं ती ऐकतात. टाळाबद्दल एक सूचना: पितळी टाळाच्या जोडीचा आवाज जवळून फार तीव्र असतो. टाळकऱ्यांच्या ओळीच्या मधोमध, कानाच्या उंचीवर टाळ वाजत असतील तिथे, मुलाला उभं करू नका. मृदंगाच्या बाजूला उभं करा.

मृदंग म्हणा, पखवाज म्हणा, तो दाखवायचं आणखी एक कारण आहे. त्याच्या डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक थापतात. जास्त लावली तर आवाज खाली उतरतो, कमी केली तर चढतो. पोळीची कणीक वाद्याला लावतात, हे पाहिलेलं मूल पखवाज विसरत नाही. कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी गेलात तर हे सगळं समोर दिसतं.

गोव्यात असाल तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांतली घुमट आरती सोडू नका. घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं आणि लहान तोंडावर वादकाचा डावा हात उघडझाप करतो, त्यानं आवाज घुमतो. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड संरक्षित प्राणी असल्यानं आता बकरीचं वापरतात. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. घरातल्या खोलीत, शामेळ या तालवाद्याच्या आणि कांसाळ्यांच्या, म्हणजे झांजांच्या, साथीनं, ओळखीची माणसं गातात, आरत्या संपल्या की प्रसाद. लहान मुलाच्या मापाची याहून चांगली मैफल शोधून सापडणार नाही. आवाज मात्र बंद खोलीत चढतो, तेव्हा दाराशी थांबा.

दिवाळी पहाट हाही उत्तम पर्याय, कारण अभ्यंगस्नानासाठी मुलं पहाटे उठलेलीच असतात, ताजी असतात आणि अंगावर नवे कपडे असतात. भावगीतं, अभंग, नाट्यपदं तीन-चार मिनिटांची असल्यानं उठायला जागोजाग फट मिळते. अडचण एकच, ध्वनिक्षेपक. मैदानावरच्या पहाटेला आवाज बराच वर ठेवलेला असतो.

त्या आवाजाबद्दल आता नीट सांगतो, कारण इथे झालेली चूक भरून निघत नाही. कामाच्या ठिकाणच्या मोठ्या माणसांसाठी वापरला जाणारा हिशोब असा: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. लहान मुलांसाठी यापेक्षाही कमीच धरायचं. त्यांची कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे वरच्या पट्टीचे आवाज पडद्यापर्यंत जास्त जोरात पोचतात. शिवाय “कान दुखतोय” हे त्यांना वेळेवर सांगता येत नाही. यंत्र नसेल तर खूण सोपी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या आसपास किंवा वर आहात. फोनवरची डेसिबल मोजणारी ॲप्स अंदाजापुरती बरी, पण पाच-सात डेसिबल इकडे-तिकडे होऊ शकतात.

उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपकापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. पाच मीटरवरून दहा मीटरवर, दहावरून वीसवर, दर वेळी सहा. बंद सभागृहात मात्र भिंतींवरून आवाज परत येत असल्यानं मागे जाऊन फारसा फरक पडत नाही, तिथे लवकर उठणं हाच उपाय. मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या चळती असतात, त्यांच्या समोरची जागा सगळ्यात वाईट. त्या दोन चळतींच्या मधली, मंचासमोर मध्यावरची जागा बऱ्याचदा त्याहून सुसह्य असते आणि तिथून बोटंही दिसतात. बाल्कनीची पहिली रांग टाळा. छताला टांगलेले स्पीकर अनेकदा तिकडेच तोंड करून असतात, आणि कठड्याशी मूल उभं राहतं ती धास्ती वेगळीच.

इयरमफ, म्हणजे दोन्ही कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे कप, घ्या. पाकिटावर २५ डेसिबलच्या आसपासचा आकडा दिसेल, प्रत्यक्षात त्याहून कमी रोखलं जातं, पण तेवढं पुरतं. गाणं तरीही ऐकू येतं, फक्त उतरलेलं. कप आणि डोकं यांच्या मधे केस, टोपी किंवा चष्म्याची काडी आली की फट पडते आणि निम्मा उपयोग जातो, म्हणून वेणी मागे बांधा. घरी मिक्सर चालू असताना पाच-पाच मिनिटं घालायची सवय आठवडाभर आधी करा, नाहीतर कार्यक्रमात ती फेकून देईल. कानात घालायचे फोमचे बोळे या वयाला नकोत: नीट बसत नाहीत आणि तोंडात गेले तर गुदमरायची भीती. कापसानं जवळजवळ काहीच अडत नाही.

ढोल-ताशाबद्दल स्पष्टच सांगतो. जवळून तो सहज १०० च्या वर जातो, आणि अरुंद रस्त्यात दोन्हीकडे इमारती असल्या की आणखी. पथक पाहायला मुलांना आवडतं, तर गॅलरीतून किंवा चौकाच्या पलीकडून, मफ घालून, पाच-दहा मिनिटं दाखवा. खांद्यावर बसवून ताशाच्या शेजारी नेऊ नका. तान्ह्या बाळाला तर अजिबात नाही. नंतर मूल कान चोळत असेल, “कानात शिट्टी वाजते” म्हणत असेल, हाक मारल्यावर नेहमीपेक्षा कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर तो दिवस शांत ठेवा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

तयारीकडे वळतो. त्याला आठ दिवस पुरतात आणि रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

आधी घरात कुणीतरी स्वतः गायला हवं. आई-बाबांचा आवाज कसाही असो, समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून गाणं निघतं, हीच जिवंत संगीताची पहिली ओळख आहे. पट्टीकडे मात्र लक्ष द्या. साडेचार-पाच वर्षांच्या मुलांना पेटीवरच्या साधारण मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून (सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी) पांढरी सहापर्यंतचे सूर सहज लागतात. आई काळी चार-पाचमध्ये गात असेल, तर तिचा षड्ज (सा) मुलीला फार खाली पडतो, ती घोगरं पुटपुटते आणि मोठे समजतात की हिला सूर नाही. त्याऐवजी मध्य पांढरी दोनचा षड्ज धरा, म्हणजे तिचा पंचम (प) पांढरी सहावर येतो आणि पाच सुरांत बसणारं बालगीत किंवा अभंगाचं ध्रुपद ती मोकळेपणानं म्हणू शकते. बाबा खालच्या सप्तकातल्या पांढरी दोनला गात असतील, तर मुलगी आपोआप एक सप्तक वर धरते, तिला मुद्दाम सांगावंही लागत नाही.

मग समेचा खेळ. तीनताल बोटांवर मोजायची गरज नाही, टाळ्यांनी करा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला टाळीऐवजी हात उलटा करायचा, त्या जागेला ‘खाली’ म्हणतात. ठेका तोंडानं म्हणा:

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

नवव्या मात्रेनंतर डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा) घुमारा जातो आणि शेवटच्या ‘धिं धिं धा’ला परत येतो. दोन-तीन दिवसांत हे मुलांच्या कानाला कळायला लागतं. “ढोल कुठे झोपला?” असं विचारून पाहा, खालीला बरोबर सांगतील. मग तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर संपवणं. “एक, दोन, साडेमाडे तीन” म्हणून उडी मारणाऱ्या मुलाला तिहाई समजावून सांगावी लागत नाही. ही सगळ्यात सोपी:

तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा.

प्रत्येक बोलाला एक मात्रा. नवव्या मात्रेला, खालीवर, सुरू करा: पहिला धा अकरावर येतो, दुसरा चौदावर आणि तिसरा बरोबर समेवर. तिसऱ्या धा-ला तिनं तुमच्या तळहातावर टाळी द्यायची. हाच खेळ मैफिलीत आवाज न करता चालतो: तिचं बोट तुमच्या तळहातावर, आणि सम आली की टिचकी. चुकली तरी दुरुस्त करू नका. गाणारा आणि तबलजी समेला एकमेकांकडे कसं बघतात, हेही तिला आधी सांगून ठेवा. ती नजर पकडण्यात मुलांना सुरांइतकाच रस असतो.

वाद्यांपैकी एकाचीच ओळख करून द्या, चार नकोत. तंबोरा निवडा असं मी म्हणेन, कारण तो मंचावर सगळ्यात उंच दिसतो आणि त्याचा भोपळा हा खराखुरा भोपळा असतो. म्हातारी आणि टुणूक टुणूक भोपळ्याची गोष्ट ऐकलेल्या मुलीला हे सांगून बघा. चार तारा, बहुतेक वेळा प सा सा सा अशा लावलेल्या. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवून जवारी लागते, त्यातून तो झणझणता आवाज येतो. मिरजेला कधी जाणं झालं तर सतारमेकरांच्या दुकानांत हे भोपळे टांगलेले, कापलेले, घासलेले पाहायला मिळतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आधी विचारून गेलात तर कारागीर दाखवतात, आणि ही भेट कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते.

प्रत्यक्ष दिवशी दुपारची झोप झालेली हवी. निघण्याआधी जेवण, पोचल्यावर आधी शौचालय. पिशवीत पाणी, मफ, पातळ शाल (डिसेंबरात उघड्या मैदानावर सातनंतर गारठतं), आणि आवाज न करणारा खाऊ: लाडू, केळं, खजूर. वेफर्सचं पाकीट नको, शांत आलापीत त्याचा चरचराट दहा रांगांपर्यंत जातो. जागा रांगेच्या कडेची, दारापासून जवळ. भारतीय बैठक असेल तर मुलांसाठी ती खुर्चीपेक्षा नेहमीच बरी, मांडीत बसता येतं, आडवं होता येतं. काही नाट्यगृहांत मागे मुलांसाठी काचेची खोली असते, तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

बाहेर कोण नेणार, हे दोघांनी घरीच ठरवा. हे न ठरवल्यामुळे दोघंही अर्धवट ऐकतात, दोघंही चिडतात आणि ते मुलीला कळतं. पहिला भाग एकानं ऐकायचा, दुसरा भाग दुसऱ्यानं. जो ड्यूटीवर आहे त्यानं स्वतःच्या ऐकण्याची आशा त्या वेळेपुरती सोडायची. मुलगी कुरकुरली तर मधल्या टाळ्यांपर्यंत थांबा. रडली तर समेची वाट पाहू नका, तत्क्षणी उचला आणि बाहेर. बाहेर गेल्यावर “बघ, तुझ्यामुळे उठावं लागलं” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. पाणी प्या, मोकळ्या हवेत बसा. ती स्वतःहून परत म्हणाली तरच आत.

फोन हातात देऊन बसवू नका. पडद्याच्या उजेडाचा शेजारच्यांना त्रास होतो हे आहेच, पण खरं नुकसान वेगळं: मुलगी तिथे राहतच नाही. कंटाळा आला तर निघणं केव्हाही चांगलं. झोप लागली तर मात्र झोपू द्या, आवाज बेताचा असेल तर. तंबोऱ्याच्या गुंजनात आईच्या मांडीवर झोपणं यात काहीही वाया जात नाही.

मोठ्या महोत्सवाला पुन्हा न्यायचंच असेल, उदाहरणार्थ पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला, तर शनिवार-रविवारच्या गर्दीत नको. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरात काही दिवस चालतो, आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारच्या पहिल्या सत्राला मंडप बराच मोकळा असतो. मागच्या बाजूला बसा, तिला जमेल तेवढंच ऐका, खाऊच्या स्टॉलवर काहीतरी घ्या, घरी या. दिवसाचं तिकीट वाया गेलं असं वाटेल, म्हणून एकानं थांबावं आणि एकानं मुलीला घेऊन परतावं.

घरी आल्यावर “आवडलं का?” विचारू नका. “हो” किंवा “नाही” एवढंच मिळेल, आणि परीक्षा घेतल्यासारखं होईल. पाहुण्यांसमोर “ते धा-धा करून दाखव” हेही नको. डबे, पातेली आणि दोन चमचे हाताशी ठेवा आणि आपल्या कामाला लागा. ऐकलेलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप बाहेर येतं. खेळण्यातला प्लॅस्टिकचा तबला घेऊ नका, त्याला सूर नसतो. चिपळ्या किंवा लहान खंजिरी घ्या, खऱ्या दुकानातून. तबल्याच्या वर्गाची घाई साडेचारला नको: हाताचा पंजा चाटेवर (तबल्याच्या तोंडाच्या कडेवर) आणि शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) नीट पोचायला बहुतेकांना सहा-सात वर्षं व्हावी लागतात, त्याआधी घातलं तर मनगट आखडून वाजवायची सवय लागते आणि ती सोडवायला वर्ष जातं.

आणि जमलं तर वर्षातून एकदा घरीच बैठक करा. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा मार्ग विशेष उपयोगी, तिथे गल्लीत हरिपाठ नसतो, पण मंडळात तबला-पेटी वाजवणारं कुणी ना कुणी असतंच. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीतला सोफा हलवला की सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं मावतात, त्यात सात-आठ मुलं. माइक नको. कलाकार भिंतीला पाठ करून, मुलं त्यांच्यासमोर चार-पाच फुटांवर, मोठे मागे. एसी लावायचा तर कलाकार यायच्या तासभर आधी लावा: हवा बदलली की तबल्याचं कातडं चढतं किंवा उतरतं, आणि ऐन गाण्यात तबला सुरात आणायला हातोडी घ्यावी लागते. एकूण पाऊण तास. पहिली दहा मिनिटं वाद्य लावणं मुलांसमोरच होऊ द्या, गट्टे (तबल्याच्या कडेचे लाकडी ठोकळे) कुठे ठोकतात, तार कशी पिळतात ते दिसू दे. मग दोन छोट्या बंदिशी, थोडी पढंत, एखादा अभंग ज्यात मुलं ध्रुपद धरतील. मुलं असणार हे कलाकाराला बोलावतानाच सांगा, आणि मानधन ठरवून, पाकिटात घालून, वेळेवर द्या. “घरगुतीच आहे” म्हणून ते टाळायचं नसतं.

शेवटी मुलांना वाद्याला हात लावायचा असतो. आधी कलाकाराला विचारा. नाही म्हणाले तर तो विषय तिथेच संपला. हो म्हणाले तर सगळ्यांचे हात धुऊन आणि पूर्ण कोरडे करून, कारण ओल्या बोटांनी शाई खराब होते. एका वेळी एकच मूल, वाद्याला आधी नमस्कार, मग तंबोऱ्याची एक तार मधल्या बोटाच्या पेरानं हळूच, ओढून नव्हे. तार थांबेपर्यंत कान भोपळ्याला लावून ऐकू द्या.